सात वर्षांवरील मुलांसाठी

“तुमच्या ओळखीचं कुणी आहे का हो त्या दलदलीत?”

अध्यक्षबाईंनी अगदी गोड हसून विचारलं. क्लबहाउसमध्ये बसलेले सगळे हसले. माझा नवराही हसला. मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

हिंजवडीजवळची आमची सोसायटी. जवळजवळ सगळे आयटीवाले, आम्ही दोघंही. मेच्या सुट्टीत मुलांना रविवारी सिनेमा दाखवायचा आणि आधी आम्ही कमिटीवाल्यांनी तो बघायचा, अशी इथली पद्धत. खटकेल तेवढं सेक्रेटरी मुलांना दाखवताना वगळायचे. त्या दिवशीच्या सिनेमात जादूची नगरी होती, उडणारे घोडे, राजपुत्र. राजपुत्र राजकन्येचं चुंबन घेतो, ते वगळायचं ठरलं. एक म्हातारा दारू पितो, तेही. माझी काही हरकत नव्हती.

मग दलदलीतली माणसं आली. काळी, बुटकी, घाणेरडी. तहानेनं नगरीच्या तळ्यावर येतात. त्यांच्यातलं एक पोरगं पाण्याला हात लावतं आणि सगळं तळं काळं पडतं. पहारेकरी त्याला हुसकावतात, मग उंचावरून त्याच्या ओंजळीत पाणी ओततात. पोरगं ठसकतं. मागे गमतीचं संगीत. कमिटी खो खो हसली.

मी म्हटलं, “हे वगळा. मुलांना दाखवण्यासारखं नाही.”

“अहो, काल्पनिक आहे ते,” सेक्रेटरी म्हणाले. “मुलं यालाच सगळ्यात जास्त हसतील.”

“म्हणूनच वगळा.”

तेव्हा बाईंनी तो प्रश्न विचारला.

त्यांना माहीत होतं की नव्हतं, मला कळत नाही. आमचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून कुणाला थांग लागत नाही. हॉलमधली बुद्धमूर्ती सगळ्यांना शोभेची वाटते. ज्या फोटोवरून लगेच कळेल, तो आतल्या खोलीत आहे, नवऱ्याच्या हट्टापायी.

हो म्हणावं, तर उद्यापासून लिफ्टमधल्या नजरा बदलणार. नाही म्हणावं, तर रविवारी माझी लेक पहिल्या रांगेत बसून त्या पोराला हसणार. नवरा कानाशी पुटपुटला, “जाऊ दे ना. सिनेमाच आहे.”

गावच्या शाळेत पाण्याचा माठ होता. मी सात वर्षांची. बाकीची मुलं पेल्यानं प्यायची. मला शिपाई दारात उभी करून वरून ओतायचा. एकदा तहान आवरली नाही. मीच पेला बुडवला. गुरुजींनी माठ उचलून माझ्यासमोर आपटला आणि खापऱ्या मला वेचायला लावल्या. वर्ग हसत होता. मीही हसले. हसलं की लवकर संपेल असं वाटलं.

“हो,” मी म्हटलं. “आहे ओळखीचं. मीच आहे. आम्ही बौद्ध आहोत. शाळेत मला असंच पाणी पाजायचे.”

आता कुणी हसलं नाही. नवऱ्यानं मान खाली घातली. बाई मात्र पटकन सावरल्या. “वाईट वाटलं हो ऐकून. पण हे असलं मुलांच्या डोक्यात कशाला घालायचं? त्यांना नाही सोसणार.”

डीव्हीडीच्या वेष्टनावर छापलं होतं, सात वर्षांवरील मुलांसाठी. माझं वय तेव्हा कुणी बघितलं होतं? हिला हे सोसेल का, असं कुणी विचारलं होतं? राग मस्तकात गेला.

मतं घेतली. चुंबन वगळायचं. तळं ठेवायचं. माझ्या बाजूनं एकही हात वर आला नाही. नवऱ्याचाही नाही.

रविवारी सिनेमा आहे. लेकीला मी घरी ठेवणार नाही. आदल्या दिवशी तिला जवळ बसवून सगळं सांगणार आहे. तिला ते दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. आणि ते तळं आलं की मी उठणार, प्रोजेक्टर बंद करणार आणि सगळ्या मुलांना सांगणार, त्या पोरासारखं पाणी मी प्यायले आहे. आता हसायचं असेल तर माझ्याकडे बघून हसा.

नवरा म्हणतो, मग आपल्याला इथं राहणं कठीण होईल.

होऊ दे. मी हे घर सोडणार नाही.