चाकाला बांधलेला अच्छेर

तुम्ही मिस्त्रींपुढे काहीही नेऊन ठेवा, स्टोव्ह, कंदील, शिलाई मशीन, ते आधी वस्तूकडे पाहायचेच नाहीत. चष्मा कपाळावर सरकवायचे, तुमच्याकडे नीट बघायचे आणि विचारायचे, "कोन चालवते हे?"

हा प्रश्न पहिल्यांदा ऐकणाऱ्याला राग यायचा. माणूस दुरुस्तीला आलेला असतो, जबानी द्यायला नाही. पण मिस्त्रींचा नियमच होता. वस्तू ज्याच्या हातात रोज असते, त्यानं स्वतः यायचं आणि त्यांच्यासमोर ती चालवून दाखवायची. ते होईपर्यंत पेचकस पिशवीतच राहायचा.

पुसदच्या बाजारातून नदीकडे उतरताना डाव्या हाताला त्यांचं लाकडी खोकं होतं. त्यावर पाटी नव्हती. आत एक बाकडं, हवा भरायचा एक हातपंप आणि कान पिळलेल्या, नाक तुटलेल्या वस्तूंची रांग. मिस्त्री सडपातळ, पांढरी दाढी, गोल टोपी, बोटांच्या पेरांत कायमचं काळं तेल. मी त्या वेळी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. तरफ, कप्पी, उतरण ही साधी यंत्रं वर्गात झोकात शिकवायचो आणि घरचा स्टोव्ह पेटवताना भुवया जाळून घ्यायचो. त्यामुळे त्यांच्याकडे माझं जाणंयेणं भरपूर होतं. मी त्यांना चाचा म्हणायचो आणि ते मला मास्तर.

कचेरीतले एक हेडक्लार्क होते. त्यांचा स्टोव्ह भडकायचा आणि भांड्यांना काजळी धरायची. ते तीनदा स्टोव्ह घेऊन आले आणि तीनदा परत गेले, कारण मिस्त्री म्हणायचे, "वहिनीसाहेबाले आना." शेवटी एका दुपारी वहिनी आल्या. डोक्यावरचा पदर सावरत त्यांनी स्टोव्ह पेटवला, पंप मारला. सगळं व्यवस्थित. मिस्त्रींनी विचारलं, "पिन कोन मारते याले?"

"हेच मारतात," वहिनी हळूच म्हणाल्या. "रोज सकाळी. आंघोळ झाली की पूजा आणि पूजा झाली की पिन."

साहेबांनी भक्तिभावानं टोचून टोचून निपलचं भोक दुप्पट केलं होतं. मिस्त्रींनी नवं निपल बसवलं आणि स्टोव्ह वहिनींच्या हातात देत म्हणाले, "स्टोव्ह चांगला हाय. साहेबाले पिनेपासून दूर ठेवा." पुढे कितीतरी दिवस ते हेडक्लार्क बाजारात खोकं टाळून, वाट वाकडी करून जायचे.

दुसरी गोष्ट बंजाऱ्यांच्या एका तांड्याच्या गॅसबत्तीची. लग्नसराईत ती दर दोन दिवसांनी बंद पडायची. तांड्याचे नाईक ती घेऊन आले. "कोन चालवते हे?" विचारल्यावर ते सरळ म्हणाले, "सगळेच चालवतो." मिस्त्री म्हणाले, "मंग सगळ्यायले आना." थट्टेत बोलले होते, पण पुढच्या बाजाराच्या दिवशी एक बैलबंडी भरून सात जण खरोखर खोक्यापुढे येऊन बसले. मिस्त्रींनी बत्ती मधे ठेवली आणि चालवा म्हणाले. पहिल्यानं पंप मारला. दुसऱ्याला वाटलं कमी झाला असेल, म्हणून त्यानंही मारला. पाचव्यापर्यंत बत्ती घोड्यासारखी फुरफुरायला लागली. मिस्त्री पोट धरून हसले, सातही जण हसले आणि जाताना त्यांनी आपसात एकाला बत्तीचा मालक नेमलं. ती बत्ती पुन्हा खोक्यावर आलेली मी पाहिली नाही.

गावात वीज येऊन स्थिरावली होती. विजेची इस्त्री, पंखा, रेडिओ घराघरांत दिसू लागले होते. त्याबरोबरच एक नवा रडगाणं गाणारा वर्गही तयार झाला होता. खोक्यावर चहा पिता पिता कोणीतरी म्हणायचंच, "पहिलेच्या वस्तू काय मजबूत होत्या. आताचं सगळं पत्र्याचं." तुम्हाला वाटेल, मिस्त्री मान डोलावत असतील. छे. ते उलट चिडवायचे.

"तुमच्या आजोबाच्या घरी कंदील किती होते?"

"असतील सात-आठ."

"आता किती हायेत?"

"एक आहे."

"मंग? सात मोडले ते भंगारात गेले. जो राह्यला तो तुमाले दिसून राह्यला, अन् तुमी म्हनता पहिलेचा कंदील मजबूत."

मी विज्ञानाचा मास्तर, पण हा हिशेब मला कधी सुचला नव्हता. नव्या वस्तूंवर त्यांची तक्रार वेगळीच होती. एकदा त्यांनी एक विजेची इस्त्री माझ्यापुढे धरली. तिला खालून रिव्हेट ठोकले होते. "हे पाहा मास्तर. इस्क्रूच्या जागी रिबिट. बनवनाऱ्यानं आधीच ठरवलं का हिले पुन्हा कोनी उघडनार नाही. मजबूत हाय, नाही म्हनत नाही मी. पन बिचारीचं तोंडच शिवून टाकलं." त्या इस्त्रीबद्दल त्यांना खरंच वाईट वाटत होतं. दोन दिवस कानशीनं घासून त्यांनी ते रिबिट काढले आणि जागी इस्क्रू बसवले.

आता माझ्या आईचं सांगतो, कारण मिस्त्री मला खरे कळले ते तिच्यामुळे.

आईचा उजवा पाय लहानपणी बंडीच्या चाकाखाली आला होता. ती तो ओढत चालायची. लोकांनी आपलं चालणं पाहावं हे तिला आवडायचं नाही, म्हणून ती बाजारात जायची नाही, देवळात जायची नाही, कोणाच्या हळदीकुंकवालाही नाही. पण आमच्या घरात बायांची सदा वर्दळ असायची. कारण एकच, आईचं पायाचं शिलाई मशीन. आळीत कोणाचं बाळंतपण जवळ आलं की ती बाई जुनं मऊ लुगडं घेऊन आईकडे यायची आणि आई त्यातून बाळाची कुंची आणि दुपटी शिवून द्यायची. बाई नुसतं कापड देऊन जायची नाही. दोन घटका बसायची, माहेरचं सांगायची, सासूचं सांगायची. आई बाहेर गेली नाही, पण त्या मशीनमुळे सगळी आळी तिच्याकडे आली. ते बंद पडलं असतं तर ती अगदी एकटी पडली असती. हे मला तेव्हाही दिसत होतं.

आणि ते अडायला लागलं. चाक अर्ध्यात थांबून मागे फिरायचं आणि दोरा तुटायचा. मी आईला म्हटलं, "नवं घेऊ. हे किती जुनं झालं." ती म्हणाली, "कायले? आधी मिस्त्रीले दाखव." मी मशीनचं वरचं डोकं काढून सायकलला बांधलं आणि खोक्यावर नेलं.

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आर्धंच आनलं मास्तर. चाक घरी, पायडल घरी, अन् चालवनारी बी घरीच."

"आई बाजारात येत नाही, चाचा."

"काहून?"

मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "बरं. मंग मीच येतो."

मी डोकं परत नेऊन बसवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. आमच्या ओट्यावर रस्त्याकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून बसले. आई आत मशीनवर होती. "चालवा बाई," ते म्हणाले. आईनं चालवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. खटखट, खटखट, मग अडखळ, मग पुन्हा खटखट. दहा मिनिटं ऐकलं असेल. एकदाही मागे वळले नाहीत. मग चहा घेतला आणि उद्या येतो म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिशवीत अर्ध्या शेराचं लोखंडी वजन होतं, ज्याला आमच्याकडे अच्छेर म्हणत. नुकतेच किलो आले होते आणि दुकानदारांच्या तागड्यांतून शेर, अच्छेर, पावशेर हद्दपार झाले होते. "किलो आला तवापासून हे बेकार फिरून राह्यलं," मिस्त्री म्हणाले. "याले कामाले लावू." त्यांनी आईला चहा ठेवायला आत पाठवलं, मशीनच्या खालच्या मोठ्या चाकाला तारेनं ते वजन आवळून बांधलं आणि मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं म्हणाले, "चाकच आळशी झालं बाई. परतीच्या वाटेनं त्याच्या जिवावर येते. जरा वजन टाकलं."

आतून आईचा आवाज आला, "आळशी चाकाले वजन. अन् आळशी पोराले काय जी, मिस्त्री?"

"त्याले बायको," मिस्त्री म्हणाले, आणि आई हसली. माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं.

मशीन पाण्यासारखं चालायला लागलं. मी मात्र त्या गंजक्या वजनाकडे पाहून मनात म्हणत राहिलो की हा काय गावठी उद्योग.

दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग मिस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांनी लेकीकडे उमरखेडला जायचं ठरवलं. निघण्यापूर्वी ते आठवडाभर घरोघर फिरले. लोकांना वाटलं, निरोप घ्यायला आले. ते फक्त विचारत होते, "चालू हाय ना?" आमच्या ओट्यावरही आले, तसेच पाठमोरे बसले.

"बाई, चाक आळशीपना करते का?"

"नाही जी. मस्त चालते."

"बस मंग," ते म्हणाले आणि काठी टेकत उतरून गेले. दीड वर्षानं उमरखेडहून आलेल्या एका मोटार ड्रायव्हरनं ते वारल्याचं सांगितलं. त्या दिवशी बाजारात कितीतरी लोक एकमेकांना त्यांचे किस्से सांगत उभे होते. हेडक्लार्कसाहेबांनी पिनेचा किस्सा स्वतःच सांगितला आणि सगळ्यांत जास्त तेच हसले. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात यवतमाळहून शिलाई मशीनची तपासणी करणारा एक कारागीर आला. तरुण, पँटमधला, हातात पेटी. कामात हुशार होता, खोटं कशाला बोलू. त्यानं मशीन खोलून झकास साफ केलं, तेल घातलं, पट्टा बदलला. मग चाकाकडे पाहून म्हणाला, "हे काय बांधलंय? चाकाचा सगळा तोल बिघडलाय." मी ओशाळून म्हटलं, "काढून टाका." त्यानं तार कापली आणि वजन माझ्या हातात दिलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदराला हात पुसत ती आत वळली. वजन मी माझ्या टेबलावर शाळेतल्या पोरांच्या वह्या उडू नयेत म्हणून ठेवलं.

महिन्याभरात मशीन कापडानं झाकलं गेलं. दोन घरं सोडून राहणारी एक बाई जुनं लुगडं घेऊन आली, तर आई म्हणाली, "माझ्यानं नाही होत आता. वय झालं." ती बाई पाच मिनिटं बसून गेली. दुसरी आलीच नाही. दुपारच्या वेळी आमच्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आई दाराशी बसून रस्ता पाहायची. मला ते सहन होत नव्हतं.

एका रविवारी मी स्वतः मशीनवर बसलो. दोन्ही पाय पायडलवर ठेवून चालवलं. काय सुरेख चालत होतं! म्हणजे मशीनमध्ये दोष नव्हता. आईच म्हणते तसं, वय झालं. मी उठणार इतक्यात तो प्रश्न डोक्यात आला, कपाळावर चष्मा सरकवून विचारलेला. कोन चालवते हे?

मी उजवा पाय उचलून घेतला. एकट्या डाव्या पायाच्या चवड्यानं पायडल दाबलं. चाक अर्धा फेरा गेलं, थांबलं आणि मागे फिरलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

वर्गात तरफ शिकवणाऱ्या मास्तराला तेव्हा कळलं. डावा पाय दाबायचा तेव्हा ते वजन वर चढायचं आणि परतीच्या फेऱ्यात स्वतःच्या भारानं खाली उतरून चाक पुढे न्यायचं. जे काम दुसऱ्या पायानं करायचं, ते तो अच्छेर करत होता. आणि चाचांनी दोष चाकावर घातला होता.

वह्यांवरचं वजन घेऊन मी जमिनीवर बसलो. कुठे बांधायचं हे कळेना. तीन ठिकाणी बांधून पाहिलं, चाक आणखीच बिघडलं. मग बोटांना चाकाच्या आऱ्यावर कानशीनं केलेली एक खाच लागली. त्यांनी जागा कोरून ठेवली होती. तिथे तार आवळली.

आईला हाक मारली. तिनं कापड बाजूला केलं, एक चिंधी सुईखाली धरली आणि पाय दाबला. खटखट, खटखट, न अडखळता. चिंधी संपली तरी ती थांबली नाही.

"बसवलं का रे वजन?" मान वर न करता ती म्हणाली.

मी चाटच पडलो. "तुला माहीत होतं? मग काढलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलू? पायाचं सांगावं लागलं असतं." तिनं दोरा दातानं तोडला. "त्यायनं कधी माझ्या पायाचं नाव काढलं नाही. मंग मीच कशी काढू?"

मी ओट्यावर जाऊन बसलो. खरं सांगतो, मला रडू आलं. आत मशीन चालू होतं. संध्याकाळपर्यंत आवाज ऐकून ती लुगड्यावाली बाई परत आली होती.

परवा आमचा रेडिओ बंद पडला. चाचांच्या खोक्याच्या जागी आता एक पक्कं दुकान झालं आहे, तिथे नेला. दुकानदार भला माणूस. त्यानं रेडिओ उलटा केला, मागची फळी पाहिली आणि विचारलं, "कोणत्या साली घेतला?"

मी म्हटलं, "आई ऐकते."