अंड्यांच्या मशीनचा बोर्ड

लग्नाआधी सात वर्षं मी आसनगावजवळच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड जोडत होते. मग मुरबाडला आले आणि घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडून दुरुस्तीला बसले. पंपाचे, मिक्सरचे, सौर दिव्यांचे बोर्ड येतात. अंडी उबवायच्या मशीनचा मात्र एकदाच आला.

थंडीतली दुपार होती. डोंगराकडच्या पाड्यावरची एक बाई जीपमधून उतरली. तान्हं मूल धरावं तसं टॉवेलात काहीतरी गुंडाळून आणलेलं.

"आकडं दिसतात, पण आतला उबेचा दिवा पेटत नाय," ती म्हणाली. "अठरावा दिस हाय गो. तीन दिसांनी फुटायची."

"मग अंडी कुठंयत?"

"गोधडीत, चुलीजवळ. सासू बसलीय धरून."

मी टॉवेलातून निघालेल्या बोर्डाला टेबलावरचा दिवा जोडला. टक असा आवाज आला, दिवा मात्र लागला नाही. भिंग डोळ्याला लावलं. भिंगातून पाहिलं की बाकीचं जग मागे सरतं. हिरवा बोर्ड भातखाचरांसारखा पसरतो आणि आपण बांधाबांधानं चालत राहतो. बोर्डावरच्या एका भागाच्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसली. जोड सुटला होता.

तांब्याची जाळीदार पट्टी ठेवून वर तापलेलं आयर्न टेकवलं आणि जुनं सोल्डर, म्हणजे जोडाचं कथील, टिपून घेतलं. ब्रशनं जागा पुसली, कथील नीट धरावं म्हणून थोडं फ्लक्स लावलं. कारखान्यात मला शिकवणारी बाई सांगायची, "कथलाची तार आयर्नला नको, जोडाला दे. तो तापला की स्वतःच ओढून घेईल." तसंच झालं. चंदेरी थेंब पायाभोवती फिरला, चमकला आणि निवला. फ्लक्सचा राळेसारखा वास खोलीभर झाला. पाड्यावरची बाई टेबलाशी वाकून बघत होती.

दिवा लागला.

आता तो वेळेवर विझतो का तेही बघायचं होतं. दिवा ज्या उबेला विझतो तो आकडा मी तेवढ्यापुरता बत्तिसावर आणला आणि ऊब मोजणारी वायर तिच्या हातात दिली. "मुठीत धरा." तिनं मूठ मिटली, डोळेही मिटले. सव्वीस, अठ्ठावीस, तीस. तिच्या हाताची ऊब आकड्यांत चढत गेली. बत्तीस झाले, टक झालं, दिवा विझला. तिनं मूठ उघडली. थोड्या वेळानं तो पुन्हा लागला. तिला इतकं हसू आलं, की तिनं पुन्हा मूठ मिटली. मीही घाई केली नाही. गोधडीतली अंडी आठवली ती तिलाच आधी. तशी ती दचकून उठली. मी आकडा होता तिथं नेला आणि बोर्ड टॉवेलात गुंडाळून दिला.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. आधी नुसती चिवचिव, मग ती.

"किती निघाली?" मी विचारलं.

"अर्धी. बाकीची नाय फुटली गो."

"गोधडीत गार..." मी सुरुवात केली.

"बोलू नको," ती म्हणाली. "ऐक."

तिनं फोन पिल्लांजवळ ठेवला असावा. मी आयर्न स्टँडवर ठेवलं आणि किती तरी वेळ तशीच ऐकत बसले.