गाडीला हवेचं कसं कळलं

कंपनीत लागण्याआधी अकरा वर्षं मी जीप चालवली. पोलादपूर-महाड, महाड-पाचाड, आणि लग्नसराईत कुठेही. जीपमध्ये माणसं दाटीने बसलेली असली तरी मागच्या चाकातली हवा उतरली की मला बसल्या जागी कळायचं. असं मी सगळ्यांना सांगायचो, आणि ते बऱ्यापैकी खरं होतं. त्या काळात मी एकदाही हवा मोजायचं गेज विकत घेतलं नाही. गरजच वाटली नाही.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा महाडच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मला नोकरी लागली. कारखान्याच्या प्रमुख एक मॅडम होत्या, मूळच्या पुण्याच्या. त्यांच्यासाठी मुंबईच्या हेडऑफिसमध्ये वापरून झालेली एक परदेशी गाडी आली, ती माझ्या हातात मिळाली. गाडी मऊ होती, आवाज जवळजवळ नाहीच. समोर इतके दिवे, की पहिले दोन दिवस मी गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातली चित्रं बघून कुठला कशाचा ते पाठ केलं.

एका सकाळी मॅडमना पुण्याला जायचं होतं. आम्ही वरंध घाटाने निघालो. वरंध गाव मागे पडलं आणि चढ सुरू होणार तोच समोर एक पिवळा दिवा लागला. टायरचं चित्र आणि मधोमध उद्गारचिन्ह. मी गाडी बाजूला घेतली, उतरून चारही टायरना लाथ मारून पाहिली. एकही बसलेला दिसत नव्हता.

"काही नाय मॅडम. सगळे ठीक आहेत. दिव्याचंच काहीतरी बिघडलं असेल."

"हवा मोजलीत?"

"मोजायला गेज नाय. पण मला हातात कळतं. स्टिअरिंग सरळ आहे."

मॅडमनी हातातली फाईल मिटली. "पुढे घाट आहे. आपण मागे फिरून गावात मोजून घेऊ. काही नसेल तर दहा मिनिटं जातील, एवढंच."

मला ते आवडलं नाही. इतक्या वर्षांचा ड्रायव्हर मी, आणि माझ्यापेक्षा एका दिव्यावर जास्त विश्वास. पण गाडी वळवली. वरंधला रस्त्यालगत पंक्चरचं दुकान होतं. दुकानदार पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. त्याने गेज लावलं. तीन टायरमध्ये बत्तीस. मागच्या डाव्यात एकोणीस.

"खिळा हाय," तो टायरवर हात फिरवत म्हणाला. "हे नवे टायर बाजूने कडक असतात. एवढी हवा गेली तरी डोळ्यांना दिसायचं नाय."

मॅडम दुकानाच्या बाकावर बसून फाईल वाचत होत्या. मला लाजल्यासारखं झालं. तशा टायरने घाट चढलो असतो, गरम होऊन तो एखाद्या वळणावर फाटला असता, हे मला कुणी सांगायला नको होतं.

टायर रिंगवरून निघाला तेव्हा मी वाकून आत पाहिलं. मुंबईच्या एका ड्रायव्हरने मला सांगितलं होतं, की अशा गाड्यांच्या टायरमध्ये वाल्वला चिकटून एक छोटं यंत्र असतं, ते आतली हवा मोजतं आणि रेडिओसारखं गाडीला कळवतं. मी बोट फिरवलं, दुकानदारानेही फिरवलं.

"आत काय बी नाय," तो म्हणाला. "साधा वाल्व हाय."

"मग हवा कमी झाली हे गाडीला सांगितलं कोणी?"

त्याला माहीत नव्हतं. पंक्चर काढून झालं, आम्ही पुण्याला गेलो, परत आलो, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी दोन दिवसांनी मी मॅडमनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "मलाही नक्की माहीत नाही. पुस्तक आणा, बघू या."

पुस्तक इंग्रजीत होतं. त्यांनी वाचलं आणि मला मराठीत सांगितलं. ब्रेक दाबल्यावर चाक घसरू नये म्हणून या गाडीच्या प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर होता, आणि चाक किती वेगाने फिरतंय ते तो सतत मोजायचा. ज्या टायरमधली हवा कमी होते तो थोडा चेपतो. म्हणजे चाक किंचित लहान झाल्यासारखं होतं. लहान चाकाला तेवढाच रस्ता कापायला जास्त फेरे घ्यावे लागतात. गाडी चारही चाकांचे फेरे ताडून बघायची, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतंय असं दिसलं की दिवा लावायची. हवा ती मोजतच नव्हती.

"असं असेल तर ते डोळ्यांना दिसायला पाहिजे," मी म्हणालो.

"मग बघा की करून," मॅडम म्हणाल्या.

रविवारी कारखान्याच्या मोकळ्या अंगणात मी पुढच्या उजव्या टायरमधली हवा निम्मी केली. दोन्ही पुढच्या टायरना खाली, जमिनीला टेकतात तिथे, खडूने रेघ मारली. उजव्या बाजूला वॉचमन, डाव्या बाजूला मॅडम. मी गाडी अगदी सरळ, माणसाच्या चालीने नेली. दोघं आपापल्या रेघेचे फेरे मोजत चालले. वॉचमन दहा म्हणाला तशी मी थांबलो. त्याच्या बाजूची रेघ जमिनीला टेकली होती. मॅडमच्या बाजूची टेकायला अजून चार बोटं बाकी होती.

पाच-सहा पावलांत असा फरक कुणाला कळला नसता. पण गाडी मैलोन्मैल मोजत राहते. मला फार बरं वाटलं. मी हरलो होतो ते एका समजण्यासारख्या गोष्टीपुढे. हवा भरून, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे बटण दाबलं, की गाडी पुन्हा पहिल्यापासून ताडायला लागे.

पुढचे काही महिने मी निर्धास्त होतो. दिवा आहे म्हटल्यावर हवा बघायची सवयच सुटली. हे मी कबूल करतो. पावसाळा संपला आणि आम्ही पुन्हा घाटाने पुण्याला निघालो. वरंधच्या अलीकडच्या वळणांवर मला गाडी जड वाटू लागली. वळताना ती अंग टाकल्यासारखी करत होती. समोर दिवा नव्हता.

"मॅडम, गावात थांबतो. हवा बघायची आहे."

"दिवा तर लागलेला नाही."

"म्हणूनच थांबतो," मी म्हणालो. "एक चाक लहान झालं तर गाडीला कळेल. चारही सारखीच लहान झाली तर ती कुणाशी ताडणार?"

मॅडम हसल्या. "थांबवा."

त्याच दुकानदाराने गेज लावलं. चोवीस, चोवीस, पंचवीस, चोवीस. टायरच्या दोन्ही कडा झिजायला लागल्या होत्या. मधल्या महिन्यांत मी हवा भरली नव्हती, आणि ती चारही चाकांतून हळूहळू, सारखीच उतरत गेली होती. मी तसं मॅडमना स्पष्ट सांगितलं. चूक माझी होती. त्या म्हणाल्या, "पण धरलीतही तुम्हीच."

हवा भरली, मग बटण दाबलं. त्याच दुकानातून मी पहिलं गेज विकत घेतलं.

पुण्याहून परतल्यावर मॅडमनी कंपनीच्या तीन बस आणि दोन जीपवरच्या सगळ्या ड्रायव्हरना बोलावलं आणि मला समजावून सांगायला लावलं. आठजण होते, त्यातले दोघे माझ्याहून वयाने मोठे. मी खडू घेऊन टायरवर रेघ काढूनच बोललो. पोलादपूरच्या बाजूचा एकजण म्हणाला, "आपल्या बसला तर दिवाच नाय. मग हे ऐकून आम्हाला काय करायचं?"

"दिवा असलेल्या गाडीतसुद्धा मी फसलो," मी म्हणालो. "तुम्हाला तर गेजशिवाय दुसरं काय हाय?"

 महिन्याभरात कंपनीने अंगणात हवेचा कॉम्प्रेसर बसवला आणि त्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. शनिवारी सकाळी आठला मी खोली उघडायचो, आणि साडेआठपर्यंत तिन्ही बस, दोन्ही जीप नि मॅडमची गाडी मोजून झालेली असायची.