वरचा दोर कोणी बांधला?

आमच्या कोंढा गावाकडे मोठी चढण म्हणजे तलावाची पाळ, आणि तीही मी दोनदा थांबून चढतो. असा हा गडी मुलांसाठी ऐतिहासिक साहसकथा लिहायला बसला, तीही सरळसोट कडा चढून किल्ला घेणाऱ्या पोराची! मोबाइलवर कड्यांचे फोटो पाहूनच माझे तळपाय गार पडायचे. पण एकदा लेखक अंगात आला की कोण थांबवणार?

पुस्तक मुलांसाठी, हे आपलं लोकांना सांगायला. खरं तर मला ते बाबांना ऐकवायचं होतं. त्यांनी जन्मभर धान पिकवलं. माझी आधीची तीन पुस्तकं त्यांनी हातात घेऊन, वजन बघून परत दिली होती. एकदा तरी त्यांनी माझ्या लिहिण्यात जीव गुंतवावा, एवढ्यासाठी हा सगळा उपद्व्याप. पन्नाशी आली तरी त्यासाठी माझा जीव तुटायचा.

धानाची रोवणी आटोपल्यावर एका दुपारी ते खाटेवर बसले आणि मी पहिलं प्रकरण वाचलं. चांगला आवाज चढवून. धुकं, कडा, वरून लोंबणारा दोर आणि दोराला धरून सरसर चढणारा माझा वीर.

बाबांनी हात वर केला. "थांब गा. वरते दोर बांधला कोनं?"

"किल्ल्यात त्यांचाच एक माणूस असतो ना, बाबा."

"वरते आपला मानूस आहे, मंग दरवाजाच काहून नाही उघडून देत थो?"

झालं! दोनशे पानांचा किल्ला एका वाक्यात पडला. "तुम्हाले कथेतलं काय समजते?" असं म्हणून मी तरातरा उठून गेलो. आता आठवलं की लाज वाटते.

राग उतरल्यावर कळलं, चूक कुठून आली. दोर म्हटला की मला आमची विहीरच दिसते. उन्हाळ्यात गाळ काढायला बाबा आत उतरायचे. दोर वर जांभळाला बांधलेला, मधला भाग माझ्या हातात, आणि खालून त्यांची हाक यायची, "ढील नोको देऊ गा!" वीराला मी कड्यावर नेलं होतं, पण दोर आमच्या विहिरीचाच दिला होता.

आठ दिवसांत प्रकरण नव्यानं लिहिलं. आता पोरगा दोर कमरेला गुंडाळून रिकाम्या हातांनी चढतो, मध्येच रडकुंडीला येतो, वर पोचून स्वतः दोर बांधतो आणि खाली सोडतो. मग बाकीचे निघतात.

या वेळी माझा आवाज काही चढला नाही, चाचरतच वाचलं. एक म्हातारा शिपाई चढत असताना त्याचा पाय निसटतो, वरची गाठ सुटते, आणि पोरगा नुसत्या हातांनी दोर धरून ठेवतो. तिथे पान संपलं, म्हणून मी थांबलो.

बाबांनी खाटेची दोरी मुठीत आवळली होती. "ढील नोको देऊ गा!" ते ओरडले, आणि मला पुढचं पान उलटता येईना.