सोनाबाईचा मोह आणि टोल्याची लिंक

"साहेब, राउटरचे लाइट लागून राह्यले, पन नेट नाई!" गावातले देवाजीभाऊ टोल्यावरून वॉकीटॉकीवर ओरडत होते.

"केबल काढून परत लावा."

"लावली. नाई."

मी गावात शाळेच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि सेटिंगला शिव्या घालत होतो. टेलिफोन खात्यात जन्म गेला. निवृत्तीनंतर आरमोरीकडच्या या गावात फुकटचा उद्योग हौसेनं अंगावर घेतला. गावकऱ्यांनीच चालवलेलं वायरलेस नेटवर्क. पाण्याच्या टाकीवर एक राउटर आणि टोल्यावर, म्हणजे जंगलाच्या कडेला सुटून असलेल्या वस्तीवर, दुसरा. दोघं हवेतून एकमेकांशी बोलतात, त्याला आम्ही लिंक म्हणतो. टोल्यावर मोबाइलला रेंज नाही. लिंक नाही तर काहीच नाही.

जुने राउटर विजेनं जळले आणि तसे आता बाजारात मिळत नाहीत. ते हळू चालायचे, पण झाडापानांतून रडतखडत का होईना, पलीकडे पोचायचे. नवे पळतात, पण त्यांचे नखरे फार. त्यांना लाइन ऑफ साइट लागते. एका राउटरला दुसरा थेट दिसला पाहिजे.

टोल्यावरचा राउटर सोनाबाईच्या घरावर होता. ती जागा तिनं स्वतःहून दिली होती. तिची पोरगी सुषमा तमिळनाडूत सूतगिरणीत कामाला. सोनाबाईचा नवरा गेला, तेव्हा नेमकं जुनं नेटवर्क बंद पडलेलं होतं. बाप गेल्याचं पोरीला कळलं ते माती झाल्यावर. तेव्हापासून सोनाबाई आमच्या प्रत्येक मीटिंगला येऊन बसायची आणि एकच विचारायची, "पोरीचं तोंड दिसन का जी?"

दिसेल, असं मी तिला सांगून बसलो होतो.

शेवटी टाकीवर चढलो. वर पोचताच कळलं. टोला आणि टाकीच्या मधे सोनाबाईच्या अंगणालगत मोहाचं झाड उभं होतं. हिरवंगार.

खाली उतरून देवाजीभाऊंना गाठलं. "सर्व्हेच्या वेळी हे झाड कुठं होतं?"

"इथीच होतं. पन तवा मोहफुलाचे दिवस होते ना जी. पानं कुठी होती?"

खरंच होतं. मोह फुलतो तेव्हा त्याच्यावर पान नसतं. आमचा सर्व्हे नेमका त्या दिवसांतला, कारण पहाटे फुलं वेचून आलेली मंडळी दुपारी घरी सापडतात. उघड्या फांद्यांतून टोला स्पष्ट दिसला होता. टेस्ट फर्स्टक्लास झाली होती. सामान येईपर्यंत झाडाला पालवी फुटून गेली. जंगलात जन्म काढलेले इतके जण हजर होते, पण पुढे पानं येणार हे एकालाही सुचलं नाही. मलाही नाही.

बांबूला बांबू जोडून राउटर उंच नेला. वादळानं तो आडवा केला. दुसरी जागा पाहिली, ती वनखात्याच्या हद्दीत. परवानगी कधी मिळेल ते देव जाणे. उरलं फक्त फांद्या छाटणं. पण इकडे मोहाला असा कुणी हात लावत नाही. एकेक झाड एकेका घराचं ठरलेलं असतं, बापजाद्यांपासून. दुसऱ्याच्या मोहाखालचं फूलसुद्धा कुणी उचलत नाही.

"हा सोनाबाईचाच ना?" मी विचारलं.

"तिच्या मालकाचा. तो गेल्यावर त्याच्या नावाचा दगडबी त्याच झाडाखाली मांडला आहे," देवाजीभाऊ म्हणाले.

सभेत तिला कुणी शब्दानं बोललं नाही. तीच उठली. "छाटा."

"सोनाबाई, वरचे सगळे फाटे जातील. पुढं बरीच वर्षं फूल यायचं नाही," मी म्हणालो.

"मालूम आहे जी. पोरगी तं दिसन."

"परवानगी येईपर्यंत थांबू या ना."

"तेवढ्यात मी मेली, तं तिले कोन सांगन?"

दुसऱ्या दिवशी देवाजीभाऊंनी त्या दगडाला हात जोडले आणि कुऱ्हाड घेऊन वर चढले. सोनाबाई घरातून बाहेर आली नाही. शेवटचा फाटा पडला आणि लिंक आली. स्पीड असा, की नोकरीत असतो तर पेढे वाटले असते.

दुपारीच सुषमाला व्हिडिओ कॉल लागला. मायलेकी आधी नुसत्या हसल्या, मग रडल्या. केबल आवरायचं निमित्त करून मी तोंड फिरवलं.

तेवढ्यात पोरगी म्हणाली, "आई, बाबाचा मोह दाखव ना. आता पानानं भरला असन."

सोनाबाईनं फोन आणखी तोंडाजवळ धरला. "इथी अंधार पडला, माय. उद्या दाखवतो."

तिच्या तोंडावरचं ऊन पोरीला दिसतच होतं. चित्र तेवढं स्वच्छ होतं. सुषमा नुसतं "बरं" म्हणाली.

ती लिंक त्यानंतर एकदाही पडली नाही. सर्व्हे मी आता पावसाळा सरताना करतो, झाडं पानांनी भरलेली असताना. लिंका कमी बसतात. बसतात त्यांच्यासाठी कुणाच्या दारात कुऱ्हाड न्यावी लागत नाही.