पुंडलिकच्या निऱ्या

२१ सप्टेंबर २०२३, गुरुवार. दोनशे एक्कावन्न रुपये मी एका पाकिटात घातले, वर 'पुंडलिक' असे लिहिले आणि पाकीट देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवले. त्या दिवशी आमच्या घरी महालक्ष्म्या बसायच्या होत्या आणि त्यांना साड्या नेसवायला पुंडलिक येणार होता. पैसे तो तिसऱ्या दिवशी घ्यायचा, विसर्जनानंतर साड्या उतरवून, घड्या घालून झाल्यावर. काम पुरे होण्याआधी तो पाकिटाला हात लावत नसे. बावीस वर्षे असेच चालले होते.

माझे आणि पुंडलिकचे, दोन्ही घराणी मूळ भंडाऱ्याकडची. मी भिलाईच्या स्टील प्लांटच्या लेखा विभागात, सेक्टर १० मध्ये राहणारा. पुंडलिक रोलिंग मिलमध्ये कामगार, राहायला मरोद्याला. उंच, रुंद खांद्यांचा माणूस. उजव्या मनगटावर भाजल्याची जुनी खूण. सकाळची ड्यूटी संपवून, आंघोळ करून, धुतलेला पांढरा शर्ट घालून तो यायचा आणि महालक्ष्म्यांच्या दोन्ही लोखंडी स्टँडांपुढे मांडी घालून बसायचा. टाचण्या ओठांत धरलेल्या. निऱ्या घालताना तो बोटांनी मोजायचा नाही, तरी ज्येष्ठेच्या आणि कनिष्ठेच्या निऱ्या सारख्याच यायच्या. पदर खांद्यावरून असा सोडायचा की मुखवटा चढवल्यावर वाटे, बाई आत्ताच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आहेत. एकही टाचणी दिसत नसे.

भिलाईतल्या आमच्या लोकांत अशी अकरा घरे त्याच्याकडे होती. सगळे त्याला आधी बोलवायचे आणि तो गेल्यावर हसायचे. आमचा शेजारी शामराव त्याला 'पुंडलिकबाई' म्हणायचा. पुंडलिकची बायको गेली तेव्हा मुलगी उन्नती नऊ वर्षांची होती. तो ड्यूटीवर जायच्या आधी तिच्या दोन वेण्या घालून द्यायचा, रिबिनीसकट. त्याचीही चेष्टा व्हायची. मीही करत असे.

त्या गुरुवारी कनिष्ठेची साडी नेसवून झाली तशी त्याने टाचण्या डबीत टाकल्या आणि माझ्याकडे बघितले.

"साहेब, एक गोष्ट बोलाची होती."

"बोला ना पुंडलिकभाऊ."

"उन्नतीचं बोरसीवाल्यायकडं चालू हाये. देवरावजीच्या शुभंकरसंग. पोरापोरीची पसंती झाली. आता फक्त चौकशी रायली."

देवराव बोरसीला राहणारा, माझ्याच विभागातून निवृत्त झालेला. मुलगा बँकेत. उन्नती एका खासगी शाळेत गणित शिकवायची.

"ते उद्या तुमच्याकडं जेवाले येतीन ना? तुमाले इचारतीन. तुमचा शब्द थे मानतात."

"मी सांगतो. काळजी करू नका."

"काळजी नाई जी. एकच पोरगी हाये, म्हून बोललो." मग तो माझ्या बायकोकडे, रमाकडे वळला. "वहिनी, यंदा जेष्ठेचा काठ जड हाये. उतरवताना मीच उतरवीन, तुमी हात नोका लावू. काठाची जर खेचली जाईन."

दुसऱ्या दिवशी महाप्रसाद. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील. पहिल्या पंगतीला पुरुष बसले. माझ्या एका बाजूला देवराव, दुसऱ्या बाजूला शामराव.

देवराव महालक्ष्म्यांकडे बघून म्हणाला, "काय सुंदर नेसवल्या आहेत. वहिनींचा हात चांगला आहे."

"वहिनींचा कुठला?" शामराव म्हणाला. "आमच्या पुंडलिकबाईचा. भिलाईत अशी दुसरी बाई सापडायची नाही."

पंगत हसली. मीही हसलो.

देवराव हसला नाही. त्याने घास खाली ठेवला. "मरोद्याचा पुंडलिक? उन्नतीचा बाप?"

"तोच," मी म्हणालो.

"मी तुला तेच विचारणार होतो. माणूस कसा आहे?"

चाळीस वर्षे मी व्हाउचरवर शेरे लिहीत आलो आहे. थोडक्यात, खरे, दोन्ही बाजूंचे. तसेच बोललो. "माणूस चांगला आहे. व्यसन नाही, कर्ज नाही. जरा बायकी आहे, साड्या-वेण्या असलं करत असतो. पण चांगला आहे. मुलगी हुशार आहे."

"बायकी म्हणजे?"

"म्हणजे तसं काही नाही," मी म्हणालो, "सवय आहे एकेकाला."

शामराव म्हणाला, "देवरावजी, एक फायदा आहे. विहीणबाई नाही म्हणून अडणार नाही. दोन्ही कामं व्याही एकटाच करेल."

पुन्हा हशा झाला. देवरावाने आंबील मागितली. निघताना तो रमाला म्हणाला, सगळे छान झाले. त्या संबंधाविषयी तो आणखी काही बोलला नाही आणि मीही विचारले नाही. मला वाटले, आपण चांगलेच सांगितले आहे.

शनिवारी विसर्जन. पुंडलिक चारला यायचा. पाच वाजले, सहा वाजले. मी फोन केला, उचलला नाही. सातला रमाने स्वतःच साड्या उतरवायला घेतल्या. टाचण्या इतक्या आत लावलेल्या होत्या की तिला सापडेनात. ज्येष्ठेच्या काठातून एक ओढली तशी जर वीतभर खेचली गेली. तिने सगळ्या काढून मोजल्या. बेचाळीस होत्या. "एवढ्या होत्या आणि एकही दिसत नव्हती," ती म्हणाली.

रविवारी देवरावाच्या बायकोचा रमाला फोन आला. पत्रिका जुळत नाही, असे पुंडलिककडे कळवले आहे म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांगू का, यांना ते पटलंच नाही. उद्या लग्नात लोक हसतील म्हणाले."

आठवड्याने मी पाकीट घेऊन मरोद्याला गेलो. दार उन्नतीने उघडले. पुंडलिक आत गॅसजवळ पोळ्या लाटत होता. मला बघून त्याने हात पुसले, खुर्ची दिली.

"तुमचे पैसे राहिले होते," मी म्हणालो.

"कायचे पैसे, साहेब? काम अर्धं रायलं. उतरवाले आलोच नाई मी."

"पापा आला नाही कारण शुक्रवारी रात्रीच शुभंकरचा फोन आला होता," उन्नती म्हणाली. "काका, तुम्ही काय म्हणालात ते त्यानं सांगितलं. तुम्ही, शामरावकाका, सगळं."

"मी चांगला माणूस म्हणालो होतो."

"दोनदा म्हणालात. मधे काय म्हणालात?"

मी पाकिटाची कड सरळ केली.

"तुम्हाला माहीत आहे का, पापा साडी नेसवायला कुठे शिकला? बावीस वर्षं तुमच्या घरी येतोय. कधी विचारलं?"

"उन्नती," पुंडलिक म्हणाला, "चाय ठेव."

"ठेवते. आधी सांगू दे. आजीला लकवा मारला तेव्हा पापा सोळा वर्षांचा होता. आजोबा ड्यूटीवर, घरात बाईमाणूस कोणी नाही. आजीला लुगडं नीट लागायचं. गाऊन घालून दारात बसायची तिला लाज वाटायची. अकरा वर्षं पापानं रोज सकाळी तिला लुगडं नेसवलं. पडल्यापडल्या. एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर. उसमें बायकी क्या है, काका? मला पण समजवा."

तिचा आवाज चढला नव्हता. शाळेत फळ्यावरचे चुकलेले गणित दाखवावे तसे ती बोलत होती.

"जाऊ दे बाई," पुंडलिक म्हणाला. "साहेबानं खोटं थोडीच सांगतलं. नेसवतोच ना मी साड्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "चूक माहीच झाली. पोरीचं जमेपावेतो दोन-चार वर्षं बंद ठेवाले पायजे होतं. ध्यानातच नाई आलं."

चहा झाला. पाकीट मी टेबलावर ठेवले. निघताना त्याने ते माझ्या शर्टाच्या खिशात परत घातले आणि खिसा वरून नीट बसवला, पदर बसवायचा तसा.

त्यानंतर त्याने अकराही घरे सोडली. २०२४ साली मी फोन केला तर म्हणाला, "आता नाई जमत, साहेब. डोळ्याले दिसत नाई." त्याच आठवड्यात तो मला बाजारात दिसला. चष्मा नव्हता आणि तो तांदळातले खडे निवडून बघत होता. आता घरोघरी तयार शिवलेल्या साड्या आल्या आहेत, मागून नाडी बांधायची. आमच्याकडे रमा मोबाइलवर बघून नेसवते. निऱ्या पुढे येतात. शामराव मात्र यंदाही पंगतीत म्हणाला, "पुंडलिकबाईची सर नाही." कोणी हसले नाही, तसे कोणी त्याला थांबवलेही नाही.

उन्नती रायपूरला नोकरीला गेली. लग्न झालेले नाही. पुंडलिक मरोद्याला एकटा असतो. रस्त्यात भेटला तर नमस्कार करतो, रमाची तब्येत विचारतो.

येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होतो आहे. क्वार्टर सोडायचे म्हणून सामान आवरताना ते पाकीट सापडले. पुंडलिकचे दोनशे एक्कावन्न रुपये माझ्याकडे देणे बाकी आहेत.