मेजरसाहेबांचे गोचीड

कुंडलच्या पंचक्रोशीतल्या गोचिडांनी जन्मात कुणाची धास्ती घेतली असेल, तर ती माझ्या चुलत सासऱ्यांची. पलटणीतून निवृत्त होऊन आल्यावर ते उसात रमतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण ऊस धाकट्या भावाच्या गळ्यात घालून ते रमले कुत्र्यात. कुत्र्याचं नाव मेजर. स्वतः सुभेदार म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे ते त्याच्याशी अदबीनं बोलत. "चला साहेब, आंघुळीचं पाणी काढलंय." बाजारच्या पावडरीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कडुलिंबाचा पाला उकळायचा, करंजाचं तेल खोबरेलात कालवायचं, लिंबाच्या साली भिजत घालायच्या, आणि हे सगळं चुलत सासूबाईंच्या भांड्यांत. त्या घरी चहा आहे की काढा, हे पहिला घोट घेतल्यावरच कळायचं.

त्यातून प्रत्येक औषध ते आधी स्वतःला लावत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आगं, जे म्या सोताच्या अंगाला लावलं न्हाई, ते त्या मुक्या जिवाला कसं लावू?" साताऱ्याला माझ्या नणंदेच्या लग्नात ते असेच करंजाचं तेल चोपडून आले. पंगतीत त्यांच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहिली. वराच्या मामांनी नाकाला रुमाल लावून चौकशी केली, तर यांनी त्यांना अख्खी कृती सांगितली आणि वर म्हणाले, "सकाळधरनं एक डास जवळ आला न्हाई बघा!" चुलत सासूबाई तिकडून कडाडल्या, "आवं, डासाचं काय घेऊन बसलाय, माणसं बी पळाली की!"

मागच्या श्रावणात मात्र मेजरनं भाकरी सोडली. दोन दिवस काढे झाले, तेल झालं. तिसऱ्या दिवशी तो उठेना, तसे ते त्याला जीपमध्ये घालून साताऱ्याला आमच्याकडे घेऊन आले. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं. "गोचीड ताप आहे. काढ्यानं हा बरा होत नाही, आजोबा. इंजेक्शनं द्यावी लागतील, आणि उशीर झालाय." आता हे वाद घालणार म्हणून मी पदर खोचला. पण ते टेबलापाशी ताठ उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "द्या. माझंच चुकलं." मग कुत्र्याच्या कानाशी वाकून पुटपुटले, "माफी असावी, साहेब." आठ दिवस ते आमच्या पडवीत त्याच्याशेजारी सतरंजी टाकून झोपले, बोटानं दहीभात चाटवत राहिले. नवव्या दिवशी मेजरनं माझ्या नवऱ्याची नवी कोरी चप्पल फाडली, तेव्हा त्यांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले.

आता मेजरच्या गळ्यात डॉक्टरांनी दिलेला औषधी पट्टा असतो. चुलत सासऱ्यांची नजरही अधू झाली आहे. तरी संध्याकाळी ओट्यावर बसून ते त्याच्या केसांतून बोटं फिरवत असतात. गेल्या खेपेला मी शेजारी बसले होते. मानेखाली काहीतरी काळं दिसलं, म्हणून म्हटलं, "आप्पा, इथं एक गोचीड आहे, काढू का?"

त्यांनी चाचपून पाहिलं.

"न्हाई गं. ती चामखीळ हाय त्याची, ल्हानपणापासनं. ऱ्हाऊ दे."

आणि त्यांची बोटं तिला वळसा घालून हलकेच पुढं गेली.